जिल्ह्याच्या हाती कारभार सोपविणारे वसंतराव

विशेष प्रतिनिधी, यवतमाळ

वसंतराव नाईक यांचे नाव निघाले, की संकरित ज्वारी, कृषी विद्यापीठे आणि १ जुलैचा कृषिदिन यांची आठवण होते. ५ डिसेंबर १९६३ ते २० फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राच्या मुख्यमंत्रिपदी होते. एवढा प्रदीर्घ काळ त्या पदावर राहण्याचे भाग्य त्यांच्या आधी वा नंतर कोणालाही लाभलेले नाही. हरितक्रांतीचे प्रणेते ही त्यांची ओळख पाठ्यपुस्तकांपासून पुतळ्यांखालच्या कोनशिलांपर्यंत सर्वत्र आढळते आणि ती चुकीचीही नाही. मात्र ते मुख्यमंत्री होण्यापूर्वीच त्यांच्या हातून जे काम झाले, ते ग्रामीण महाराष्ट्राच्या रोजच्या जगण्याशी अधिक खोलवर निगडित आहे. खेड्यातील आजारी माणूस ज्या प्राथमिक आरोग्य केंद्राची पायरी चढतो, त्याची मुले ज्या शाळेत शिकतात, त्याच्या गावाला जाणारा रस्ता आणि गावातील पिण्याचे पाणी, या सेवांचा कारभार कोणी पाहावा आणि त्याचा जाब कोणाला विचारावा, हा प्रश्न राज्यनिर्मितीनंतर लगेचच पुढे आला. त्याचे उत्तर शोधणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते पुसदचे आमदार आणि राज्याचे महसूलमंत्री वसंतराव नाईक.

तांडा ते न्यायालय

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पुसद तालुक्यातील गहुली या छोट्याशा गावी १ जुलै १९१३ रोजी वसंतरावांचा जन्म झाला. वडील फुलसिंग नाईक हे बंजारा समाजातील प्रतिष्ठित शेतकरी. तांड्याच्या प्रमुखाला नाईक म्हणतात. घराण्याकडे तो मान पिढीजात होता आणि पुढे तेच त्यांचे आडनाव झाले. एके काळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणारा हा समाज रेल्वे आणि पक्क्या सडका आल्यानंतर हळूहळू शेतीकडे वळला. गावकुसापासून दूर वसलेल्या तांड्याला शाळा, दवाखाना, रस्ता यांपैकी काहीही सहजासहजी मिळत नसे. गहुलीतही तेव्हा शिक्षणाची सोय नव्हती. वसंतरावांचे प्राथमिक शिक्षण आसपासच्या निरनिराळ्या गावी झाले. पुढे अमरावती आणि नागपूर येथे शिक्षण घेऊन, नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयातून पदवी मिळवून १९४० मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा उत्तीर्ण केली.

वकिलीचा प्रारंभ त्यांनी अमरावतीला डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली केला. शेतकऱ्यांचे कैवारी म्हणून विदर्भात ख्याती पावलेले आणि पुढे केंद्रात कृषिमंत्री झालेले पंजाबराव यांच्या सहवासाचा ठसा या तरुण वकिलावर उमटला. त्यानंतर त्यांनी पुसदला आपले बस्तान बसविले. तालुक्याच्या न्यायालयात येणारी प्रकरणे बहुतांशी जमिनीची, सावकारीची आणि कुळांची असत. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी विवाह केला. बंजारा तरुण आणि ब्राह्मण तरुणी यांचा हा विवाह त्या काळी दोन्हीकडच्या समाजांना सहजी पचणारा नव्हता. त्याचा रोष दोघांनीही शांतपणे सोसला. पुढील आयुष्यात विरोधकांच्या तिखट माऱ्यासमोरही न डळमळणारा जो संयम वसंतरावांमध्ये दिसला, त्याची पहिली कसोटी या प्रसंगाने घेतली होती.

नगराध्यक्ष ते मंत्री

१९४६ मध्ये वसंतराव पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. सार्वजनिक सेवांशी त्यांचा पहिला प्रत्यक्ष संबंध आला तो येथे. नळ, गटारे, दिवाबत्ती, दवाखाना आणि शाळा हा कोणत्याही लहान नगरपालिकेचा रोजचा व्याप असतो. तिजोरी रिकामी आणि मागण्या अनंत, हा अनुभव त्यांनी मंत्रालयात नव्हे, तर तालुक्याच्या गावी घेतला. त्याच सुमारास मध्य प्रांत आणि वऱ्हाडात आणखी एक प्रयोग सुरू झाला होता. १९४८ च्या कायद्यान्वये जिल्ह्याऐवजी तहसील हा घटक मानून जनपद सभा स्थापन करण्यात आल्या आणि स्थानिक सेवांची जबाबदारी त्यांच्याकडे देण्यात आली. लोकांच्या जवळ असलेली संस्था म्हणून या योजनेचे कौतुक झाले. मात्र तहसिलीएवढ्या लहान क्षेत्राला पैसाही पुरत नाही आणि जाणकार अधिकारीही मिळत नाहीत, हेही विदर्भातील कार्यकर्त्यांनी जवळून पाहिले.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वसंतराव पुसदमधून तत्कालीन मध्य प्रदेशच्या विधानसभेवर निवडून गेले आणि पंडित रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात महसूल खात्याचे उपमंत्री झाले. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. वणीचे सुपुत्र लोकनायक बापूजी अणे यांच्यासारखे ज्येष्ठ नेते त्या मागणीचे पुरस्कर्ते होते. त्याच यवतमाळ जिल्ह्यातील वसंतरावांनी मात्र मराठी भाषकांच्या एकत्र राज्याची बाजू घेतली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आल्यावर ते प्रथम सहकार आणि नंतर कृषी खात्याचे मंत्री झाले. यशवंतराव चव्हाण यांचा त्यांच्यावर विश्वास बसला तो याच काळात. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, तेव्हा महसूल खाते त्यांच्याकडे सोपविण्यात आले. शेतजमिनीच्या कमाल धारणेवर मर्यादा घालणारा १९६१ चा कायदा त्यांच्या महसूलमंत्रिपदाच्या काळातील.

समितीपुढचा प्रश्न

बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली होती. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशी तीन स्तरांची रचना त्या समितीने सुचविली आणि त्यांपैकी विकास गट, म्हणजे पंचायत समितीचा स्तर, सर्वाधिक अधिकारसंपन्न असावा असे मत दिले. २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानने नागौर येथे या रचनेचा शुभारंभ केला. महाराष्ट्राने कोणता मार्ग स्वीकारावा, हे ठरविण्यासाठी जून १९६० मध्ये वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. १५ मार्च १९६१ रोजी तिने आपला अहवाल सादर केला.

नाईक समितीने मेहता समितीचा मूळ हेतू मान्य केला, पण तिचा आराखडा जसाच्या तसा उचलला नाही. महाराष्ट्रात अधिकारांचे केंद्र विकास गट नव्हे, तर जिल्हा असावा, हा तिचा प्रमुख निष्कर्ष होता. त्यामागचे तर्कशास्त्र व्यवहाराचे होते. आरोग्य, शिक्षण, बांधकाम, लघुपाटबंधारे, शेती या प्रत्येक खात्याला तज्ज्ञ अधिकारी लागतो. असे अधिकारी प्रत्येक तालुक्याला पुरविणे राज्याला परवडणारे नव्हते, जिल्ह्याला मात्र ते पुरविता येत होते. जिल्हा हा घटक लोकांच्या आणि प्रशासनाच्याही परिचयाचा होता. शिवाय श्रीमंत तालुक्याचा पैसा कोरडवाहू तालुक्याकडे वळवायचा, तर त्यासाठी जिल्ह्याएवढे क्षेत्र आवश्यक होते.

दुसरी शिफारस अधिक धाडसाची होती. ब्रिटिश काळापासून जिल्हाधिकारी हा जिल्ह्याचा सर्वेसर्वा. त्याला जिल्हा परिषदेपासून दूर ठेवावे, असे समितीने सुचविले. जिल्हाधिकारी सभागृहात बसला, तर लोकप्रतिनिधींचा आवाज त्याच्या दबदब्याखाली दबून जाईल, ही भीती त्यामागे होती. परिषदेचा कारभार पाहण्यासाठी भारतीय प्रशासन सेवेतील स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावा आणि त्याने निवडून आलेल्या मंडळींचे निर्णय अमलात आणावेत, अशी योजना झाली. खासदार आणि आमदार यांनाही परिषदेच्या सदस्यत्वापासून दूर ठेवण्यात आले. गावपातळीवर नवे नेतृत्व तयार व्हायचे असेल, तर त्याच्या डोक्यावर मुंबई-दिल्लीच्या नेत्यांची सावली असू नये, हा त्यामागचा विचार. महसूल खात्याचा मंत्री स्वतःच्याच खात्याच्या सर्वांत बलाढ्य अधिकाऱ्याचे अधिकार कमी करणारी शिफारस करतो, हे त्या काळी विरळाच होते.

या अहवालाच्या आधारे महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ तयार झाला आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या मंजुरीनंतर १ मे १९६२ रोजी अमलात आला. मुंबई वगळता राज्यात २५ जिल्हा परिषदा आणि २९५ पंचायत समित्यांची रचना झाली. जुनी जिल्हा लोकल बोर्डे, शाळा मंडळे आणि विदर्भातील जनपद सभा इतिहासजमा झाल्या.

दवाखाना कोणाचा

या बदलाचा अर्थ आरोग्यसेवेच्या उदाहरणावरून स्पष्ट होतो. भोर समितीने १९४६ मध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली होती. रोग झाल्यावर औषध आणि रोग होऊ नये म्हणून लसीकरण, स्वच्छता, बाळंतपणाची काळजी, ही दोन्ही कामे एकाच छताखाली व्हावीत, असा तिचा गाभा. १९५२ पासून सामूहिक विकास योजनेबरोबर अशी केंद्रे देशात उभी राहू लागली. पण ती वरून चालविली जात. डॉक्टर हजर नसला, औषध संपले, दाई आली नाही, तर गावकऱ्याने तक्रार करायची कोणाकडे? खात्याचा वरिष्ठ दूरच्या शहरात आणि मंत्री त्याहून दूर.

जिल्हा परिषदेच्या रचनेत प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण दवाखाने परिषदेकडे आले. जिल्हा आरोग्य अधिकारी परिषदेच्या यंत्रणेचा भाग झाला. त्याच्या कामावर देखरेख ठेवण्यासाठी निवडून आलेल्या सदस्यांची आरोग्य समिती असावी, अशी तरतूद झाली. शिक्षण, बांधकाम, कृषी यांसाठीही अशाच विषय समित्या आल्या. गावच्या शाळेत शिक्षक नाही, नाल्यावर पूल नाही, केंद्रात साप चावल्यावरची लस नाही, अशा गाऱ्हाण्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी एक सभागृह मिळाले. तेथे बोलणारा सदस्य दर आठवड्याला त्याच गावच्या बाजारात भेटणारा होता. लोकशाही विकेंद्रीकरण या जड शब्दाचा सोपा अर्थ एवढाच होता.

त्यात उणिवाही होत्या. जिल्ह्याचे मोठे शासकीय रुग्णालय आणि जिल्हा शल्यचिकित्सक राज्य शासनाच्या अखत्यारीत राहिले. परिणामी गावातला रुग्ण प्राथमिक केंद्रात असेपर्यंत जिल्हा परिषदेचा आणि जिल्ह्याच्या रुग्णालयात पोचला, की राज्याचा, अशी दोन घरे निर्माण झाली. परिषदांचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे होते; मुख्य आधार शासनाच्या अनुदानाचाच राहिला. कारभार जिल्ह्याकडे आणि तिजोरीची किल्ली मुंबईकडे, ही रचनेतील गाठ आरंभापासूनच सुटली नव्हती.

मुख्यमंत्रिपदाची कारकीर्द

१९६२ च्या अखेरीस चीनच्या आक्रमणामुळे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, पण २४ नोव्हेंबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर ५ डिसेंबर रोजी वसंतरावांनी सूत्रे हाती घेतली. तांड्यातून आलेला, भटक्या समाजातील माणूस राज्याच्या सर्वोच्च राजकीय पदावर बसण्याची ती पहिलीच वेळ होती. तोंडात पाइप, चेहऱ्यावर स्मित आणि बोलण्यात घाई नाही, अशी त्यांची प्रतिमा राज्याला परिचित झाली.

विधानसभेत विरोधकांची फळी दुबळी नव्हती. शेतकरी कामगार पक्षाचे कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते म्हणून सरकारला सतत धारेवर धरत. खुद्द यवतमाळचे जांबुवंतराव धोटे हे त्यांचे कडवे विरोधक. अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावल्याबद्दल १९६४ मध्ये धोटे यांना सदस्यत्व गमवावे लागले आणि ते पुन्हा निवडून आले. एकाच जिल्ह्याने एका बाजूला संयमी मुख्यमंत्री आणि दुसऱ्या बाजूला वादळी आंदोलक राज्याला दिला.

अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात, १९६५ मध्ये, पुण्याच्या शनिवारवाड्यासमोर वसंतरावांनी दोन वर्षांत राज्य धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाले नाही, तर आपल्याला फासावर चढवावे, अशी जाहीर प्रतिज्ञा केली. संकरित बियाणे, विहिरी, वीजपंप, पाझर तलाव यांचा सपाटा सुरू झाला. बियाणे आणि खत शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेण्याचे काम ज्या ग्रामसेवक आणि कृषी अधिकाऱ्यांनी केले, त्यांतील बरेचसे जिल्हा परिषदेच्या यंत्रणेतील होते. उत्पादन वाढले, पण स्वयंपूर्णता टिकाऊ ठरली नाही. पावसावर अवलंबून असलेल्या राज्याची शेती दोन वर्षांत बदलत नाही, हे पुढच्या दुष्काळाने दाखवून दिले.

कृषी विद्यापीठाच्या प्रश्नावर त्यांना स्वतःच्या विदर्भाचा रोष सहन करावा लागला. राहुरीबरोबर अकोल्यालाही विद्यापीठ मिळावे, यासाठी १९६७ मध्ये विदर्भात उग्र आंदोलन झाले आणि गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. अखेर १९६९ मध्ये अकोल्याचे विद्यापीठ स्थापन झाले आणि त्यास वसंतरावांचे गुरू डॉ. पंजाबराव देशमुख यांचे नाव मिळाले. १९७२ मध्ये परभणी आणि दापोली येथेही विद्यापीठे आली. विदर्भाचा मुख्यमंत्री असूनही विदर्भाला रस्त्यावर उतरावे लागले, ही खंत मात्र वऱ्हाडात पुढे दीर्घकाळ राहिली. कापूस उत्पादकांची व्यापाऱ्यांच्या हातून सुटका व्हावी म्हणून १९७२ मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी योजना हा त्यांच्या कारकिर्दीचा आणखी एक टप्पा. यवतमाळच्या शेतकऱ्याला काही वर्षे तिचा आधार वाटला; पुढे तोटा आणि गैरव्यवहाराच्या ओझ्याखाली ती कोसळली.

दुष्काळाची परीक्षा

१९७० पासून पावसाने ओढ दिली आणि १९७२ मध्ये महाराष्ट्रावर शतकातील भीषण दुष्काळांपैकी एक कोसळला. विहिरी आटल्या, गुरे कवडीमोलाने विकली गेली, खेडी ओस पडू लागली. सरकारने ठिकठिकाणी दुष्काळी कामे काढली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांपर्यंत गेली. एवढ्या माणसांना काम, मजुरी, धान्य, पाणी आणि औषध पुरविणे ही कोणत्याही सरकारची कसोटीच होती. परदेशातून आलेला लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ही त्या पिढीच्या स्मरणात कायमची राहिली. खडकाळ भूभागात खोल विंधनविहिरी खोदण्याचे आणि त्यांवर हातपंप बसविण्याचे काम याच काळात वेगाने पसरले. भूजलाच्या शास्त्रीय सर्वेक्षणासाठी राज्याची स्वतंत्र यंत्रणाही १९७० च्या दशकाच्या प्रारंभी उभी राहिली.

त्या वर्षांत उपासमारीचे मोठे संकट टळले, याचे श्रेय अभ्यासकांनी या कामांना दिले. त्याच वेळी टीकाही कमी झाली नाही. अनेक ठिकाणी नुसती खडी फोडून घेतली गेली, मजुरी उशिरा मिळाली, हजेरीपटात घोळ झाले. विधिमंडळात आणि मोर्चांमधून हे प्रश्न सातत्याने मांडले गेले. दुष्काळात मिळणारे काम ही सरकारची कृपा नव्हे, तर हक्क असावा, या विचाराला त्यातून बळ मिळाले.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना आधीच मांडली होती. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात १९६५ मध्ये तिचा प्रयोगही झाला होता. वसंतरावांच्या सरकारने ती स्वीकारली आणि १९७२ मध्ये रोजगार हमी योजना राज्याची योजना झाली. दुष्काळी कामे संपल्यानंतर ती पुन्हा कार्यान्वित झाली. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने तिला कायद्याचे रूप दिले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा लागू झाला. मागेल त्याला काम देण्याची कायदेशीर हमी देणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. संसदेने २००५ मध्ये केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याची मुळे येथे सापडतात. वरिष्ठ सभागृहाच्या सभापतीने मांडलेली आणि मुख्यमंत्र्याने राबविलेली ही कल्पना राज्याच्या विधिमंडळाच्या इतिहासातील सर्वांत मोलाच्या योगदानांपैकी एक म्हणावी लागेल.

आरोग्याच्या क्षेत्रातही त्यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस एक महत्त्वाचा निर्णय अमलात आला. १९७४ मध्ये बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. मोठ्या शहरांपासून दूर, ग्रामीण भागात डॉक्टर घडविण्याचा तो प्रयत्न होता.

दिलेले आणि परत गेलेले

जिल्हा परिषदांच्या बाबतीत मात्र वसंतरावांच्या कारकिर्दीचा लेखाजोखा सरळ नाही. परिषदांच्या कामाचे मूल्यमापन करण्यासाठी त्यांच्याच सरकारने १९७० मध्ये ल. ना. बोंगिरवार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिने पुढील वर्षी अहवाल दिला. सरकारला स्वतःच्या निर्मितीची चिकित्सा करून घ्यावीशी वाटली, ही जमेची बाजू. पण त्याच सुमारास जिल्ह्याच्या नियोजनासाठी वेगळी मंडळे अस्तित्वात आली. त्यांच्या अध्यक्षस्थानी मंत्री आणि कामकाजाच्या केंद्रस्थानी जिल्हाधिकारी. रोजगार हमी योजनेची सूत्रेही जिल्हाधिकाऱ्याकडेच गेली. १९६१ मध्ये ज्या अधिकाऱ्याला नाईक समितीने विकासाच्या दालनाबाहेर बसविले होते, तो दहा-बारा वर्षांत दुसऱ्या दाराने आत आला आणि तेही वसंतराव मुख्यमंत्री असताना.

याची कारणे दुष्काळाच्या निकडीत काही प्रमाणात सापडतात. संकटात हुकूम देणारा एकच हात असावा, असे कोणत्याही राज्यकर्त्याला वाटते. दुसरे कारण राजकारणाचे. जिल्हा परिषदा आणि सहकारी संस्था यांतून उभे राहिलेले नवे नेतृत्व प्रबळ होऊ लागले होते आणि मुंबईला त्याची जाणीव होती. अनेक जिल्ह्यांत बागायतदार आणि साखर कारखानदार घराण्यांनी परिषदांवर पकड बसविली. भूमिहीन, आदिवासी आणि स्त्रिया यांचा आवाज तेथे क्षीणच राहिला. अधिकार गावाकडे गेले म्हणजे ते गावातील सर्वांकडे गेले असे होत नाही, हा धडाही याच प्रयोगाने दिला.

तरीही या पायऱ्यांवरून कितीतरी माणसे वर आली. वसंतरावांचे पुतणे सुधाकरराव नाईक गहुलीचे सरपंच, पुढे यवतमाळ जिल्हा परिषदेचे अध्यक्ष आणि १९९१ मध्ये मुख्यमंत्री झाले. विलासराव देशमुख यांचा प्रवास बाभळगावच्या सरपंचपदापासून सुरू झाला, तर आर. आर. पाटील सांगली जिल्हा परिषदेतून विधानसभेत गेले. घराणेशाहीची टीका यांतील काहींच्या वाट्याला आली. परंतु जिल्हा परिषदेचे सभागृह ही राज्याच्या राजकारणाची शाळा झाली, हे कोणालाच नाकारता येत नाही.

अखेरची वर्षे

२० फेब्रुवारी १९७५ रोजी वसंतराव मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले आणि शंकरराव चव्हाण यांनी त्यांची जागा घेतली. १९७७ मध्ये काँग्रेसविरोधी लाटेतही ते वाशीम मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय ६६ वर्षांचे होते. रोजगार हमीचा कायदा अमलात येऊन तेव्हा सातच महिने झाले होते.

त्यांच्या नावाच्या पाट्या जिल्ह्यात आणि राज्यात पुढे अनेक ठिकाणी लागल्या. यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ मध्ये सुरू झाले आणि त्यास त्यांचे नाव आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठालाही त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २०१३ मध्ये, त्यांचे नाव देण्यात आले. शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ हादरला तेव्हा स्थापन झालेल्या शेती स्वावलंबन मिशनलाही त्यांचेच नाव. ज्या नेत्याने शेतकऱ्याला धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्याची प्रतिज्ञा केली, त्याचाच जिल्हा कापूस उत्पादकांच्या आत्महत्यांसाठी देशभर ओळखला जावा, ही काळाची क्रूर थट्टा म्हणावी लागेल. बियाणे, पाणी आणि बाजार या तिन्ही गोष्टी कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती एकाच वेळी कधीच आल्या नाहीत.

त्यांनी उभारलेल्या जिल्हा परिषदेचा प्रश्नही संपलेला नाही. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली आणि पंचायत राज संस्थांना घटनात्मक स्थान मिळाले. नियमित निवडणुका बंधनकारक झाल्या, स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. एवढे होऊनही मार्च २०२२ मध्ये यवतमाळसह राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका आरक्षणाच्या न्यायालयीन वादात अडकल्या आणि परिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. त्या काळात आरोग्य केंद्रे उघडत होती, शाळा भरत होत्या, रस्त्यांच्या निविदा निघत होत्या. फक्त आरोग्य समितीच्या बैठकीत उठून औषध का नाही, असे विचारणारा निवडून आलेला सदस्य तेथे नव्हता.

नाईक समितीने १९६१ मध्ये जो धोका ओळखला होता, तो हाच. सेवा देण्यासाठी अधिकारी पुरेसा असतो. त्या सेवेचा जाब घेण्यासाठी मात्र गावातून निवडून गेलेला माणूस लागतो. वसंतराव नाईक यांनी राज्याला दिलेल्या अनेक गोष्टींपैकी संकरित ज्वारीची जागा आता शेतात सोयाबीन आणि कपाशीने घेतली आहे, एकाधिकार खरेदी बंद पडली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणचे ते सभागृह मात्र अजून उभे आहे. ते भरलेले ठेवणे हीच त्यांच्या स्मृतीची खरी जपणूक ठरेल.